पाकिटाचा रंग नको, गोळीचं आडनाव सांगा

दसरा झाला की माझ्या मेडिकलसमोर ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचे ट्रॅक्टर थांबायला लागतात. वर गोधड्या, पत्र्याची पेटी, कोंबड्यांचं खुराडं, पोरंबाळं. खाली मुकादम घड्याळाकडं बघत उभा. त्यातून एखादी मावशी उतरते आणि म्हणते, "बाई, सहा महिन्याच्या बीपीच्या गोळ्या बांध. लाल पाकीट." बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या या काउंटरमागं मी १९९९ पासून आहे. आधी सासऱ्यांच्या हाताखाली होते, आता एकटी. लाल पाकिटं माझ्याकडं सात-आठ तरी असतात. त्यातलं तिचं कोणतं, हे तिला सांगता येत नाही. आणि मधल्या काळात कंपनीनं रंग बदलला असला तर मलाही सांगता येत नाही.

म्हणून हे लिहितेय. डोस ठरवणं माझं काम नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं. पण पट्टीवरचं बारीक अक्षरातलं नाव वाचून ती गोळी अंगात कुठं जाऊन काम करते एवढं ओळखता आलं, तर बरीच कोडी सुटतात. पाय का सुजले, खोकला का जात नाही, कोणती गोळी एक दिवस चुकली तर फारसं बिघडत नाही आणि कोणती एकदम सोडली तर जिवावर बेततं, हे सगळं त्या नावातच असतं.

आधी मोटर आणि पाइप

आमच्याकडं ठिबक सगळ्यांना कळतं, म्हणून मी तिथूनच सुरू करते. लाइनीत दाब कशानं वाढतो? मोटर जोरात चालली तर, लाइनीत पाणी जास्त झालं तर, नाहीतर पाइप अरुंद झाला तर. हृदय ही मोटर, रक्त हे पाणी, रक्तवाहिन्या हे पाइप. बीपीची कुठलीही गोळी घ्या, ती या तिघांपैकी कुठंतरी हात घालते. चौथा आहे ऑटो. लाइट आली की रात्री दोन वाजताही मोटर आपोआप चालू करणारा तो डबा. शरीरातला ऑटो मूत्रपिंडात बसलेला असतो. आपल्याकडं रक्त कमी येतंय असं मूत्रपिंडाला वाटलं की ते रेनिन नावाचा पदार्थ सोडतं. त्यातून पुढं अँजिओटेन्सिन तयार होतं. ते पाइप आवळतं आणि मूत्रपिंडाला सांगतं, मीठ-पाणी बाहेर सोडू नको, धरून ठेव.

या ऑटोला तुम्ही बीपीचे पेशंट आहात हे माहीत नसतं. लघवीची गोळी देऊन पाणी कमी केलं की तो म्हणतो, अरे दाब पडला, आणि पाइप आवळायला लागतो. "एका गोळीनं भागत होतं, डॉक्टरनं दोन कामून दिल्या?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच उत्तर असतं. एक गोळी पाणी कमी करते, दुसरी ऑटोची वायर काढते. दोन्ही थोड्या थोड्या घेतल्या की एकीचाच डोस वाढवत नेण्यापेक्षा काम चांगलं होतं आणि त्रास कमी होतो.

हे उदाहरण एका ठिकाणी फसतं, तेही सांगते. पीव्हीसीचा पाइप मेलेला असतो, रक्तवाहिनी जिवंत असते. तिच्या भिंतीत स्नायू असतो, तो आपण होऊन आवळतो नि सैल पडतो. निम्म्या गोळ्यांचं काम त्या स्नायूवरच चालतं.

आडनावं

पट्टीवर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीनं ठेवलेलं नाव. ते सोडा. त्याच्या जवळ बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं. त्याचा शेवट बघा. माणसाच्या आडनावावरून घराणं कळतं, तसं शेवटावरून गोळीचं घराणं कळतं.

शेवटी "डिपिन" असेल, म्हणजे अम्लोडिपिन, सिल्निडिपिन, निफेडिपिन, तर ती गोळी पाइपाच्या स्नायूत जाणारं कॅल्शियम अडवते. स्नायूला आवळायला कॅल्शियम लागतं. ते आत गेलं नाही की स्नायू सैल पडतो आणि पाइप रुंदावतो. दुधातलं कॅल्शियम बंद करायची गरज नाही, हे वेगळं सांगावं लागतं, कारण एका आजोबांनी दूध सोडलं होतं. अम्लोडिपिन अंगात फार रेंगाळतं. घेतलेलं निम्मं उतरायलाच ३० ते ५० तास लागतात. त्यामुळं पूर्ण गुण यायला आठवडा जातो. तिसऱ्या दिवशी येऊन "गोळी लागू पडंना" म्हणू नका. आणि याच कारणानं एखादा डोस चुकला तर बीपी लगेच उसळत नाही. दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई मात्र करायची नाही.

हिचा त्रास म्हणजे घोट्याची सूज. "बाई, सांजच्याला पाय सुजायलेत, चप्पल बसंना." ही सूज अंगात पाणी वाढल्याची नसते. आत रक्त आणणारे बारीक पाइप उघडतात, पण पुढं नेणाऱ्या शिरा तेवढ्या उघडत नाहीत. मध्येच दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं. म्हणून लघवीच्या गोळीनं ही सूज फारशी उतरत नाही. डॉक्टर डोस कमी करतात, नाहीतर सिल्निडिपिन देतात, नाहीतर जोडीला सार्टन घराण्यातली गोळी (तिचं पुढं सांगते) देतात, कारण ती पुढच्या शिराही सैल करते. सूज दिसली म्हणून गोळी मनानं बंद केली, असं महिन्यातून चार जण तरी सांगतात. तसं करू नका, सूज दाखवा. आणखी एक, या गोळीनं काहींच्या हिरड्या सुजतात. आमच्याकडं त्याचा सगळा आळ मिश्रीवर जातो. मिश्रीची बाजू मी घेणार नाही, पण डॉक्टरांना हिरड्याही दाखवा.

शेवटी "प्रिल" किंवा "सार्टन" असेल तर ती गोळी ऑटोची वायर काढते. एनालाप्रिल, रॅमिप्रिल अँजिओटेन्सिन तयारच होऊ देत नाहीत. लोसार्टन, टेल्मिसार्टन ते तयार झालं तरी पाइपाला भिडू देत नाहीत. प्रिलवाल्यांना कोरडा खोकला लागू शकतो. ज्या एन्झाइमला ती अडवते तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाचा दुसरा पदार्थही साफ करत असतं. सफाई थांबली की ते साचतं आणि घशात खवखव सुटते. इथल्या एका गुरुजींना मी खोकल्याच्या चार बाटल्या विकल्या. पाचव्या वेळी त्यांची चिठ्ठी नीट वाचली, तर रॅमिप्रिल. चार बाटल्यांचे पैसे मी घेतलेले, ते अजून टोचतं. डॉक्टरांनी सार्टनवर बदललं आणि काही आठवड्यांत खोकला गेला.

या घराण्याचा मूळपुरुष साप आहे, हे सांगितलं की गिऱ्हाइकं गोळी उलटसुलट करून बघतात. ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषावर संशोधन चाललं होतं. त्यातून धागा सापडला आणि कॅप्टोप्रिल निघालं. १९८१ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. आपल्याकडची सर्पगंधा त्याहून जुनी. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिनं बीपी उतरतं हे मांडलं. ती मज्जातंतूंच्या टोकाला साठलेलं नॉरअॅड्रेनालिन रिकामं करते. पण त्यानं सुस्ती येते, नाक चोंदतं, माणूस उदास होतो, म्हणून डॉक्टर आता ती क्वचितच देतात. बाजारातली सर्पगंधेची पूड कुणी गुपचूप खात असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. दोन्हीकडून बीपी खेचलं जाईल.

टेल्मिसार्टनची एक खोड आहे. हवेतल्या ओलीनं ती खराब होते. महिन्याच्या गोळ्या सोलून डबीत भरून ठेवायची सवय आहे ना, ती हिच्यासाठी सोडा. घ्यायच्या वेळीच पट्टीतून काढा. फडाजवळच्या झोपडीत, कोपीत राहणाऱ्यांनी तर नक्कीच. पाचटाच्या भिंती, बाजूला ओला फड, सकाळचं दव.

आणि लेकीबाळींनो, प्रिल किंवा सार्टन चालू असताना पाळी चुकली तर कारखाना सुटायची वाट बघू नका, त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. या गोळ्या पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. गरोदरपणात चालणाऱ्या गोळ्या वेगळ्या आहेत, लॅबेटॅलॉल, मिथिलडोपा, निफेडिपिन. डॉक्टर बदलून देतात. तसंच "बीपीवाल्यांसाठी खास" म्हणून मिळणारं कमी सोडियमचं मीठ. त्यात पोटॅशियम असतं आणि या गोळ्या आधीच पोटॅशियम धरून ठेवतात. विचारल्याशिवाय भाजीत टाकू नका.

शेवटी "लॉल" असेल, म्हणजे अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, तर ती मोटरवर काम करते. अॅड्रेनालिन हृदयाला हाकत असतं, ही गोळी मध्ये उभी राहते. ठोके मंदावतात. दम्याच्या माणसानं ही घेण्याआधी दमा आहे हे बोललंच पाहिजे. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची शुगर घसरली की एरवी छाती धडधडते, हात कापतात. ही गोळी त्या खुणा झाकते. घाम तेवढा येतो, त्यावर लक्ष ठेवा. आणि हीच ती, जी एकदम सोडायची नाही. महिनोन्‌महिने गोळी आड उभी असते, त्या काळात हृदय अॅड्रेनालिन पकडणारे हात वाढवून ठेवतं. गोळी अचानक हटली की ते सगळे हात एकदम कामाला लागतात. बीपी उसळतं, अँजायना म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं सुरू होतं, काहींना ॲटॅक येतो. बंद करायचीच असेल तर डॉक्टर पायरी-पायरीनं उतरवतात. या पट्टीवर "एक्सएल" किंवा "ईआर" असेल तर गोळी कुटायची नाही, चावायची नाही. दिवसभर हळूहळू सुटावी म्हणून ती तशी बनवलेली असते.

हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन यांचं आडनाव एक नाही, पण काम एकच. मूत्रपिंडातून मीठ बाहेर काढायचं, त्यामागं पाणी जातं. सकाळी घ्या, नाहीतर रात्रभर उठबस. पट्टीवरच्या मोठ्या नावापुढं नुसतं "एच" असेल तर बहुधा आत ही लघवीची गोळी मिसळलेली असते, "एएम" असेल तर अम्लोडिपिन. खात्री बारीक अक्षरातूनच करा. चैत्र-वैशाखात आमच्याकडं पारा ४२ च्या वर जातो. घामातून मीठ जातंय, वर गोळीनंही जातंय. पिंढऱ्यात गोळे, गळाठा, म्हाताऱ्यांना बडबड, असं झालं तर सोडियम-पोटॅशियम तपासायला सांगा. जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा. खाणं-पिणं रुळावर येईपर्यंत लघवीची गोळी आणि सार्टन-प्रिल ते बहुतेकदा थांबवायला सांगतात.

राहिलं "झोसिन". प्राझोसिन बीपीसाठी आता कमी दिसतं, पण आमच्या भागात त्याला वेगळा मान आहे. लाल विंचू चावला की आपल्याच अंगातून अॅड्रेनालिन-नॉरअॅड्रेनालिनचा लोंढा सुटतो. हातपाय गार, दरदरून घाम, बीपी आभाळाला, आणि पुढं फुप्फुसात पाणी भरतं. जालना जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणात महाडला राहून या लोंढ्यावर प्राझोसिन वापरलं आणि किती माणसं वाचवली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नॉरअॅड्रेनालिन पाइप आवळण्यासाठी ज्या जागेवर बसतं, ती जागाच ही गोळी अडवते. पाचटात हात घालणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की विंचू उतरवून घेण्यात वेळ जातो, आणि हे औषध दवाखान्यात मिळतं. कुणाला प्रोस्टेटसाठी या घराण्यातली गोळी दिली असेल तर पहिला डोस झोपताना घ्या. पहिल्या गोळीनं उभं राहताना कोसळणारे मी पाहिलेत.

बीपी चढवणारी औषधं

"लो बीपी झालंय, वर चढायची गोळी दे" म्हणून लोक येतात. मी आधी विचारते, काय खाल्लंय, ऊन किती लागलंय, अंगावरून जास्त जातंय का, बीपीची कोणती गोळी चालू आहे. बहुतेकांच्या लाइनीत पाणीच कमी असतं. ओआरएस हे त्यांचं औषध, दुकानात दुसरं काही मागू नका. संडास काळी होत असेल, रक्त जात असेल, ताप येऊन बीपी पडत असेल तर ओआरएसवर बसू नका, गाडी काढा.

दवाखान्यात बीपी चढवतात ते उलट्या वाटेनं. आधी सलाईन देऊन पाइप भरतात, कारण रिकामा पाइप आवळून उपयोग नाही. मग नॉरअॅड्रेनालिन थेंबाथेंबानं चालू करतात. सिझेरियनला पाठीत भूल दिली की कमरेखालचे पाइप सैल पडून बीपी उतरतं, तेव्हा फेनिलेफ्रिन किंवा मेफेन्टरमिन देतात. आग्या मोहोळ उठलं आणि कुणाला ॲलर्जीचा झटका येऊन बीपी कोसळलं, तर अॅड्रेनालिनचं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला. ते पाइप आवळतं, मोटर वाढवतं आणि आवळलेली श्वासनळी उघडतं. घरी घ्यायची म्हणून मिडोड्रिन नावाची गोळी मात्र आहे, उभं राहिलं की ज्यांचं बीपी पडतं त्यांच्यासाठी. तिचा शेवटचा डोस आडवं व्हायच्या निदान चार तास आधी घ्यायचा, नाहीतर झोपेत बीपी चढतं.

आता न सांगता बीपी चढवणारी. हा भाग मी माझ्या घरात शिकले. सासऱ्यांचे गुडघे दुखायचे. दुकान घरचंच, तेव्हा ते रोज एक डायक्लोफिनॅक स्वतःच्या हातानं काढून घ्यायचे आणि मी बघत होते. बीपी उतरेना. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन दिलं, मग लघवीची गोळी जोडली. दोन महिन्यांनी रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं. डॉक्टरांनी मला विचारलं, "दुखण्याचं काही चालू आहे का?" मी फार्मसी शिकलेली बाई, खाली मान घालून उभी राहिले.

झालं होतं असं. मूत्रपिंडाच्या गाळणीला एक चारी पाणी आणते, दुसरी घेऊन जाते. दुखण्याची गोळी आणणाऱ्या चारीचं दार अर्धं लावते. सार्टन नेणाऱ्या चारीचं दार मोकळं करते. लघवीची गोळी कालव्यातलंच पाणी कमी करते. मग गाळणीवर दाब राहतो कुठं? शिवाय दुखण्याची गोळी एकटीही मीठ-पाणी धरून बीपी वाढवते आणि बीपीच्या गोळीचा गुण खाते. आयब्युप्रोफेन, अॅसिक्लोफिनॅक सगळ्यांचं हेच. डायक्लोफिनॅक थांबल्यावर सासऱ्यांचं बीपी आटोक्यात आलं. पुढं गुडघ्याला पॅरासिटामॉल, लावायचा मलम आणि शेक.

पाठदुखीवर पुडीत बांधून मिळणाऱ्या बिननावाच्या गोळ्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं, तेही बीपी चढवतं. सर्दीच्या गोळीतलं फेनिलेफ्रिन नाकाबरोबर अंगातलेही पाइप आवळतं. घशासाठी रोज ज्येष्ठमध चघळाल तर मीठ साठतं आणि पोटॅशियम उतरतं. फसफसणारा सोडा म्हणजे सोडियमच. पापड-लोणच्याचं मी सांगत बसत नाही, ते तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही ऐकणार नाही.

एकदम खाली ओढू नका

मी दुकानात नवी होते तेव्हा बीपी २०० झालं की निफेडिपिनची कॅप्सूल सुईनं टोचून जिभेखाली पिळायची पद्धत होती. दहा मिनिटांत आकडा खाली, सगळे खूश. ती पद्धत आता मोडीत निघाली. मेंदू वाढलेल्या दाबाला सरावलेला असतो. दाब एकदम पडला की त्याला रक्त पुरत नाही आणि लकवा वाचवायला जाऊन लकवाच होतो. आकडा मोठा आहे पण बाकी त्रास नाही, तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखतंय, तोंड वाकडं झालंय, बोबडी वळलीय, दम लागलाय, तर मोजत बसू नका, थेट दवाखाना.

मोजताना पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर टेबलावर, पट्टा उघड्या दंडावर. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मिश्री नाही. लघवीला जाऊन या. आणि गप्प बसा. दवाखान्यात १४०/९० आणि घरच्या मशिनीवर १३५/८५ ही वाढलेल्या बीपीची रेघ.

कोयत्यावर जाणाऱ्यांना मी सगळ्या गोळ्या एका पिशवीत देत नाही. सहा महिन्यांची चिठ्ठी असेल तर महिन्या-महिन्याची पुडकी बांधते आणि वर मोठ्या अक्षरात नाव, मिलिग्रॅम, सकाळ की रात्र ते लिहिते. पोराच्या मोबाइलमध्ये चिठ्ठीचा आणि पट्टीच्या पाठीमागच्या बाजूचा फोटो काढायला लावते. पट्टी नावाकडून कापायची नाही, मोकळ्या टोकाकडून गोळ्या काढत जायचं. चौथं पुडकं फोडलं की तिथल्या सरकारी दवाखान्यात एकदा बीपी दाखवायचं. लॉलवाल्यांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या उरल्या की मेडिकल शोधायचं.

लाल पाकीटवाल्या मावशीचा मागच्या जानेवारीत फोन आला, कोल्हापूरकडून. फडात चक्कर येऊन पडली होती, तिथल्या डॉक्टरांनी कोणती गोळी चालू आहे ते विचारलं होतं. फोन नातीच्या हातात होता. मी म्हणलं, पट्टी उलटी कर आणि वाच. ती अडखळत वाचायला लागली, "टेल-मि-सार-टन... पुढं एच हाय, बाई."